बोरजाईची फिरती शाल

"मॅडम, वाढदिवस वर घेऊ का दहशतवाद?"

शिपाई हमीद मुलाणी शिडीवर उभा राहून मला विचारत होता. आमच्या रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीला खिळे दोनच, आणि त्या दिवशी लावायचे कापडी फलकही दोन. एकावर लिहिलं होतं, मा. सभापती धोंडीराम बापू शेंडगे यांच्या वाढदिवसानिमित्त रुग्णांना भव्य फळवाटप. दुसऱ्यावर, जैविक दहशतवाद : आरोग्य कर्मचाऱ्यांचे एकदिवसीय प्रशिक्षण.

"मला काय विचारतोस? साहेबांना विचार," मी म्हणाले.

साहेब म्हणजे आमचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. कुडचीकर. ते बाहेर आले, मान वर करून पाहिलं आणि क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला. वाढदिवस वर, त्याच्याच दोरीला खाली दहशतवाद. त्यामुळे रस्त्यावरून जो कोणी वरून खाली वाचत जाई, त्याला असं कळे की बापूंच्या वाढदिवसानिमित्त बोरजाईत भव्य फळवाटप आणि जैविक दहशतवाद होणार आहे. एसटीतून उतरलेला एक माणूस बराच वेळ ते वाचत उभा होता. मग त्याने नाकाला रुमाल लावला आणि पलीकडच्या फुटपाथने गेला. दिवसभरात खरी खबरदारी घेतलेला तो पहिला माणूस.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हा परदेशात कुठेतरी पाकिटातून जंतूंची पावडर पाठवून माणसं मारल्याच्या बातम्या येत होत्या. ती भीती राजधानीत पोचली, तिचं परिपत्रक झालं आणि ते फिरत फिरत आमच्या उपजिल्हा रुग्णालयात आलं. साप चावलेला माणूस आला तर लस शिल्लक असेल की नाही, याची आम्हाला खात्री नसे. पण बोरजाईवर जंतूंचा हल्ला झाला तर काय करायचं, हे आम्हाला ठाऊक हवं, असं शासनाचं म्हणणं होतं.

मी तिथे बालरोगतज्ज्ञ होते. माझं राज्य म्हणजे एक खोली. पूर्वी तिथे चादरी आणि मोडक्या खाटा ठेवत, ती भांडून भांडून मी मिळवली होती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं यंत्र, वॉर्मर, तिथे एकच होतं. त्या दिवशी त्यावर सिंधूची मुलगी होती, जेमतेम सव्वा किलोची. सिंधूची आधीची दोन बाळं गेली होती. दोन्ही वेळा जंतुसंसर्गाने, दोन्ही वेळा दुसऱ्या दवाखान्यात, पाहुण्यारावळ्यांच्या या हातातून त्या हातात फिरून. म्हणून माझा नियम कडक होता. खोलीत आई आणि एक सिस्टर, बस्स. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, तेही कोपराने उघडायच्या नळाखाली. तो नळ मी स्वतःच्या खर्चाने बसवून घेतला होता, कारण कार्यालयाच्या मते नळाला कोपर ही चैन होती.

सिंधूची सासू गोजराबाई दारातच फतकल मारून बसलेली असे. नात जन्मल्यापासून तिने खिडकीच्या काचेतूनच पाहिली होती. मला येता-जाता शिव्या द्यायची, पण उंबरा ओलांडायची नाही.

दुसरा वॉर्मर मिळावा म्हणून मी वर्षभर अर्ज करत होते. दुसरं अपुऱ्या दिवसांचं बाळ आलं की एकाला माझ्याकडे ठेवायचं आणि दुसऱ्याला जीपमधून जिल्ह्याला पाठवायचं, आणि कुणाला पाठवायचं ते मी ठरवायचं. माझ्या धंद्यात याच्याइतकं वाईट काम दुसरं नाही. ती फाईल सभापतींच्या टेबलावर होती. आणि आज सभापतींचा वाढदिवस होता.

प्रशिक्षक डॉ. केदार निमकर सकाळीच जीपने आले. पस्तिशीचा, सडपातळ, चष्मा लावलेला माणूस. उतरल्या उतरल्या त्याने कुडचीकरांचा हात हातात घेऊन हलवला. मग सिस्टर लोंढेंचा, मग औषध खिडकीवरच्या माणसाचा, मग हमीदचाही. मी नुकतीच खोलीतून बाहेर आले होते, हात ओले होते, म्हणून मी लांबूनच नमस्कार केला. त्याने माझ्याकडे जरा निराश होऊन पाहिलं.

"किती साधा माणूस!" कुडचीकर माझ्या कानात म्हणाले. "राजधानीतला अधिकारी, पण शिपायाचाही हात हातात घेतो."

सभागृहात, म्हणजे बाह्यरुग्ण विभागातली बाकं बाजूला सारून केलेल्या मोकळ्या जागेत, कार्यक्रम सुरू झाला. आता त्या शालीबद्दल सांगायला हवं. आमच्या रुग्णालयाची एक शाल होती. तपकिरी, जरीच्या काठाची, डांबरगोळ्यांच्या वासाची. ती कुडचीकरांच्या कपाटात एका नारळासोबत राहत असे. पाहुणा आला की ती त्याच्या खांद्यावर जाई, नारळ हातात जाई, फोटो निघे, पाहुणा खुर्चीत बसे. मग हमीद खुर्च्यांच्या मागून वाकून जाई, शाल अलगद ओढून घेई, नारळ उचले आणि दुसऱ्या बाजूने ताटात घालून पुन्हा आणी. बोरजाईतल्या सगळ्या मानकऱ्यांना हे माहीत होतं. ते स्वतःच पुढे झुकून शाल सोडवायला मदत करत.

निमकरांना माहीत नव्हतं. त्यांनी शाल नीट घडी करून आपल्या पिशवीत ठेवली. हमीद त्यांच्या खुर्चीमागे ओणवा होऊन कुजबुजला, "सायेब, ती आमची हाय."

"म्हणजे?"

"अजून लई जणांना घालायचीया."

निमकरांनी शाल परत दिली. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र हसू आलं, ते मला तेव्हा कळलं नाही. शरमून हसले असतील, असं वाटलं.

मग बापू आले. गुलालाचा टिळा, पांढरं धोतर, पिळदार मिशा, मागे कार्यकर्ते आणि केळ्यांनी भरलेली हातगाडी. वाढदिवस असल्यामुळे आधी सगळ्यांनी पाया पडून घेतलं. कुडचीकरही वाकले. बापूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत व्हा" म्हटलं, वास्तविक वाढदिवस बापूंचा होता. मग शाल निघाली. बापूंना, नगराध्यक्षांना, फौजदारांना, दोन वार्ताहरांना, औषध विक्रेत्यांच्या अध्यक्षांना, निवृत्त कंपाउंडरना. कुणाला वगळलं तर तो रुसे, म्हणून जो दिसेल त्याला. महिला अधिकारी म्हणून मलाही. ती माझ्या खांद्यावर टेकली तेव्हा उबदार होती, इतकी माणसं ती आधी फिरून आली होती.

सत्कार संपेस्तोवर जेवणाची वेळ झाली. निमकरांना बोलायला थोडा अवकाश मिळाला.

"तीन गोष्टी लक्षात ठेवा," ते म्हणाले. "संशयास्पद वस्तूला हात लावू नका. लागला असेल तर जागेवर थांबा, इकडेतिकडे फिरू नका. आणि हात धुवा. बाकी सगळं नंतर."

कंपाउंडरनी विचारलं, "पण साहेब, बोरजाईत येऊन ते काय करणार? इथे आहे काय?"

"येऊ दे की," बापू खुर्चीतून म्हणाले. "आला तर आपण त्याचा सत्कार करू."

हशा पिकला, टाळ्या झाल्या. निमकरसुद्धा हसले, जरा जास्तच.

मग फळवाटप. बापू पुढे, फोटोग्राफर त्यांच्यापुढे उलटा चालत, कार्यकर्ते केळी घेऊन मागे. प्रत्येक खाटेपाशी एक केळं, एक हात डोक्यावर, एक फोटो. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसालाही केळं मिळालं, ज्याला पाणीसुद्धा बंद होतं त्यालाही. सगळ्यात मागून सिस्टर लोंढे चालल्या होत्या. ज्यांना चालणार नाही त्यांची केळी त्या परत गोळा करून हातगाडीत टाकत होत्या, आणि ती पुन्हा पुढे जात होती.

मी धावत माझ्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती खोली आतल्या बोळाच्या टोकाला होती. तिथे बाहेरचा उजेड नाही, दिवसाही बल्ब लावावा लागे. मिरवणूक बोळात शिरली.

"हे आमचं बाळांचं दालन," कुडचीकर बापूंना सांगत होते. दालन हा शब्द त्यांनी त्या दिवशीच शोधला असावा. "इथे एक फोटो झालाच पाहिजे. बापूंच्या वाढदिवशी नवा जीव, उद्याच्या पेपरात पहिल्या पानावर येईल."

"सर, आत जाता येणार नाही," मी म्हणाले.

"दोन मिनिटं, पेठे मॅडम."

"सव्वा किलोच्या बाळाला केळं देणार आहात?"

"केळं नव्हे हो, आशीर्वाद!"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना 'नाही' हा शब्द ऐकायची सवय राहिली नव्हती, एवढंच. त्यांनी चौकटीवर हात टेकला, अंगाचा भार त्यावर टाकला आणि माझ्या डोक्यावरून आत डोकावले.

"मॅडम, तुमच्या त्या मशीनची फाईल माझ्याच टेबलावर हाय बरं का," ते शांतपणे म्हणाले. "आत्ता फोटो, उद्या सकाळी सही. दोन मिन्टांचा तर सवाल हाय."

खरं सांगते, मी डळमळले. मला तो वॉर्मर हवा होता, इतका की रात्री स्वप्नात यायचा. मी मनात हिशेब मांडला. एका बाजूला हे एक बाळ, दुसऱ्या बाजूला पुढच्या वर्षी जीपमध्ये बसवावी लागणारी सगळी बाळं. बापू पायताण काढतील, हात धुतील, मी धुवायला लावीन. पण त्यांच्या मागे फोटोग्राफर होता, कुडचीकर होते, कार्यकर्ते होते, केळी होती. यांच्यातलं कुणी एकटं कधी आत जात नाही. काचेतून सिंधू माझ्याकडे बघत होती. तिने बाळावर नुसता हात आडवा धरला होता, शिवत नव्हती.

"बापू, सही करू नका," मी म्हणाले. "पण आत येऊ नका."

"मॅडम!" कुडचीकरांचा आवाज फाटला.

तेवढ्यात खालून गोजराबाई बोलली. ती उठलीसुद्धा नव्हती. "आज्जी असून म्या अजून मांडीवर घेतली न्हाई तिला. ह्या बयेनं घेऊ दिली न्हाई. आन तुमी कोण लागून गेला?"

बापूंच्या मिशीखाली ओठ घट्ट मिटले. चौकटीवरचा हात त्यांनी काढून घेतला.

"ठीक हाय," ते म्हणाले. "डॉक्टर, मॅडमना बदली कुठं पायजे ते इचारून घ्या. आन ती फाईल माघारी न्या."

मिरवणूक वळली. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. राग कुणाचा येतोय ते कळत नव्हतं. त्यांचा, माझा, की त्या दोन मिनिटांचा.

थोड्या वेळाने हमीद बोलवायला आला. समारोप होता, आणि निमकरांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं होतं. हमीदने ऑपरेशनच्या हिरव्या चादरी खिडक्यांना बांधल्या होत्या. गोजराबाईसुद्धा काय चाललंय ते बघायला मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. बापू निघायच्या तयारीत होते, पण केक कापायचा राहिला होता म्हणून थांबले होते.

"दिवे घालवा," निमकर म्हणाले.

अंधार झाला. मग त्यांनी पिशवीतून एक छोटा दिवा काढला, नोटा तपासायला पेढीवर ठेवतात तसा, जांभळ्या उजेडाचा. तो लावला आणि खोलीभर फिरवला.

एक कार्यकर्ता "आई गं!" म्हणाला.

सभागृह हिरवट-निळं चमकत होतं. खुर्च्यांचे हात, माइक, दाराची कडी. हमीदच्या हातातली शाल तर अशी पेटली होती की तिच्याकडे बघवेना, आणि ताटातला नारळ तिच्याशेजारी. नगराध्यक्षांची कॉलर, फौजदारांची टोपी. कुडचीकरांच्या टकलावर पाच बोटं स्पष्ट उमटली होती. बापूंच्या मिशांची दोन्ही टोकं चमकत होती, कारण त्यांना पीळ द्यायची सवय होती. पण सगळ्यात जास्त चमकत होते ते त्यांचे पाय. सकाळपासून जो तो त्यांना शिवून गेला होता. हातगाडीत उरलेली केळी तर दिवाळीची आरास मांडल्यासारखी दिसत होती. मी मान वळवून पाहिलं, माझे दोन्ही खांदे चमकत होते.

"ही निरुपद्रवी पावडर आहे," निमकर म्हणाले. "साध्या उजेडात दिसत नाही. सकाळी मी ती फक्त माझ्या उजव्या हाताला लावली होती. ती जंतू आहे असं समजायचं. मला वाटलं होतं, दहा-पंधरा जणांपर्यंत जाईल. मी हा प्रयोग राज्यभर करतोय. पण बोरजाईसारखा निकाल मला आजवर कुठेच मिळालेला नाही."

"म्हणजे आपण पहिले आलो?" कुडचीकरांनी आशेने विचारलं.

"खरे जंतू असते, तर या खोलीतलं बहुधा कुणीच वाचलं नसतं."

"कुणीच म्हणजे?"

"आपण सगळे."

कुडचीकरांनी अंधारात बापूंकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्या मिशांकडे. मग निमकरांजवळ सरकून हळूच म्हणाले, पण माइक सुरू होता, "सर, वाढदिवस आहे हो. सभापतींना यातून वगळता येईल का?"

"जंतू कुणाला वगळत नाहीत, डॉक्टर."

"तसं नव्हे. नुसतं अहवालात."

"ए," मागून कार्यकर्ता उठला, "वाढदिवसादिवशी अभद्र बोलतोस व्हय रं? बापू मेले म्हंतोस?"

दोघं-तिघं पुढे सरसावले. निमकर दिव्यासकट मागे सरले. मला वाटलं, आता या माणसाला खरंच आपत्ती व्यवस्थापन लागणार. तेवढ्यात दारातून गोजराबाईचा आवाज आला.

"आरं, बसा खाली. मेल्याची खोटी आवई उठली की मानसाचं आयुष्य वाढतंय. बापूंचं वाढलं म्हनायचं."

बापू हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने. ते हसले तसे सगळेच हसले, आणि कार्यकर्ते खाली बसले. हसता हसता बापूंनी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या त्या खोलीत काय दिसंल?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

आणि मला खरंच माहीत नव्हतं. मी गोजराबाईकडे वळले. तिच्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं, आणि केळं आणि हात दोन्ही चमकत होते.

"हे कुणी दिलं?"

"ह्यांच्याच पोरांनी. जाताजाता मला एक, सिंधूला एक. ती बाहीर आली व्हती पाणी प्यायला."

"ती आता कुठे आहे?"

"बाळाला पाजाय आत गेलीया की."

मी निमकरांच्या हातातला दिवा जवळजवळ हिसकावून घेतला. बोळात पळत निघाले. मागून पावलं येत होती, कुणाची ते मी पाहिलं नाही. मी अख्ख्या गावाशी भांडले होते, बदली ओढवून घेतली होती, यंत्र घालवलं होतं, आणि एक केळं माझ्या पाठीमागून आत गेलं होतं. मी भिंतीवरची बटणं दाबून बोळाचा आणि खोलीचा बल्ब घालवला.

भिंतीवर चमकणाऱ्या हातांचे पट्टे दिसले, मिरवणूक चालत गेली होती तसतसे. साबणाची वडी चमकत होती. कचऱ्याच्या डब्यात केळ्याची साल चमकत होती. नळाच्या कोपराच्या दांड्यावर काही नव्हतं. मग मी उंबऱ्याबाहेर उभी राहून दिवा आत वळवला.

सिंधू स्टुलावर बसली होती. तिच्या अंगावर धुतलेला झगा होता. बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ती चिमुकल्या वाटीतून दूध पाजत होती. मी उजेड तिच्या बोटांवर धरला, मनगटावर धरला, कोपरापर्यंत नेला. काही नाही. बाळाच्या दुपट्यावर, क्षणभर त्याच्या पायाच्या तळव्यावर. काहीच नाही. सगळ्या रुग्णालयात तेवढंच काळोखात होतं.

"मॅडम, काय झालं वो?" सिंधू घाबरून म्हणाली. "म्या हात धुतल्यात."

"हो गं. दिसतंय मला," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, अगदी हुंदके देऊन. आवरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

माझ्या मागे बापू उभे होते. त्यांनी माझ्या हातातला दिवा घेतला आणि चौकटीवर धरला. तिथे अख्खा हात उमटला होता, पाच बोटं, मधल्या बोटावर अंगठीची रेघ. आत जायच्या बेताने टेकलेला. त्याच्या पुढे काही नव्हतं. बापूंनी आपला हात त्यावर ठेवला, अंदाज घेतल्यासारखा, आणि काढून घेतला.

"माजाच हाय," ते म्हणाले. मग आत बाळाकडे बघत, "आन आत गेला आसता तर?"

कुडचीकर पुढे झाले. "बापू, ते नुसतं प्रात्यक्षिक—"

"डॉक्टर, गप बसा जरा."

त्या दिवशी केक कापला गेला नाही. कुडचीकरांनी अहवाल धाडला की प्रशिक्षण शंभर टक्के यशस्वी झालं आणि माननीय सभापतींनी प्रात्यक्षिकात स्वतः सक्रिय सहभाग घेतला. निमकरांना आमच्या जिल्ह्यात पुन्हा कुणी बोलावलं नाही. जाताना ते दिवा माझ्याकडे ठेवून गेले. पुढे कित्येक वर्षं नवी सिस्टर रुजू झाली की मी तिला बोळात नेई, बल्ब घालवी आणि चौकटीवरचा तो हात दाखवी. बाकी काही शिकवावं लागत नसे. तो टिकला याचं श्रेय आमच्या स्वच्छता विभागाला. सरकारी दवाखान्यातली चौकट कोण पुसतं?

माझ्या बदलीचा हुकूम आला नाही. फाईल मात्र सहीसकट आली, आणि मागोमाग यंत्रही आलं. सरकारी कामाचा तो वेग पाहून मीच घाबरले. दीड महिन्यात नवा वॉर्मर खोलीत बसला. उद्घाटन ठरलं ते नेमकं सिंधूच्या बाळाला घरी सोडायच्या दिवशी.

बापू आले. कुडचीकरांनी फीत खोलीच्या आत, यंत्राला बांधली होती. बापूंनी ती सोडवून आणायला सांगितली आणि बाहेर बोळात, दोन कार्यकर्त्यांना टोकं धरायला लावून कापली. टाळ्या झाल्या. मग सवयीने हमीद ताट घेऊन पुढे आला, आणि ताटात शाल होती.

बापू दोन पावलं मागे सरले. "धुतली का रं ही?"

"न्हाई बापू," हमीद प्रामाणिकपणे म्हणाला. "धुतली तर जर जातीया."

शाल ताटातच राहिली. माझ्या माहितीप्रमाणे बोरजाईच्या इतिहासात ती पहिल्यांदाच कुणाच्या खांद्यावर न जाता कपाटात परतली.

तेवढ्यात गोजराबाई बाळाला घेऊन आली. आठवडाभरापूर्वीच तिने नात पहिल्यांदा मांडीवर घेतली होती, आणि तेव्हापासून ती कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हती. पण बापूंसमोर ती थांबली.

"घ्या," ती म्हणाली. "आता ह्या बयेनं सोडलीया तिला."

फोटोग्राफर सरसावला. बापूंनी हात पुढे केले, आणि तसेच थांबले. मग ते वळून नळापाशी गेले. घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही हमीदच्या ताटात टाकली. बाह्या वर सारल्या, कोपराने नळ उघडला आणि साबण लावला. एकदा धुतले, पुन्हा लावला. बोटांच्या बेचक्यांत, नखांत, कोपरापर्यंत. सगळे उभे राहून बघत होते. कुडचीकरांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या आणि मग बंद केल्या.

"बापू, या की लवकर," फोटोग्राफर म्हणाला.

बापू आले. पाणी गळणारे हात त्यांनी पुढे धरले होते, पण बाळाकडे नाही, माझ्याकडे.

"आधी दिवा लावून बघा, मॅडम."

हमीदने बल्ब घालवला. मी जांभळा दिवा लावून त्यांच्या हातांवर धरला. शेजारी चौकटीवर त्यांचा जुना हात चमकत होता, पण माझ्यासमोर धरलेले हात मला दिसत नव्हते. गोजराबाईने चाचपून ते शोधले आणि त्यांवर नात ठेवली.